हवालदार नेमका कोणाचा?

काही वर्षांपूर्वी कोल्हापुरात शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही एक साधा खेळ घेतला. पुठ्ठ्याच्या कार्डांवर शब्द लिहिले : तोफ, बुरूज, गुराब, हवालदार, सबनीस, हजारी, सुभा. टेबलावर दहा चिठ्ठ्या मांडल्या. त्यांवर राज्यव्यवहारकोशातल्या दहा वर्गांची नावे होती. प्रत्येक कार्ड योग्य चिठ्ठीखाली ठेवायचे, एवढेच काम. तोफ शस्त्रवर्गात गेली, बुरूज दुर्गवर्गात गेला. मग हवालदाराचे कार्ड आले आणि वाद सुरू झाला. एका गटाने ते दुर्गवर्गात ठेवले, दुसऱ्याने उचलून चतुरंगवर्गात नेले. चहा आला तरी कार्ड फिरतच होते.

गंमत म्हणजे दोन्ही गट बरोबर होते. पण त्या भांडणाकडे वळण्याआधी कोशाविषयी थोडे सांगायला हवे.

1674 साली राज्याभिषेक झाल्यानंतर शिवाजी महाराजांनी हा कोश तयार करवून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी तो जोडला जातो. कारभारात रुळलेल्या सुमारे 1400 फारसी, अरबी व दखनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. म्हणून शाळेत आपण त्याचा उल्लेख भाषाशुद्धीच्या संदर्भात करतो. आम्हाला मात्र त्याची मांडणी अधिक महत्त्वाची वाटते. त्यातले शब्द अकारविल्हे नाहीत. राज, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद आणि पण्य असे दहा वर्ग पाडून ते लावले आहेत. अकारविल्हे यादी करायला फक्त वर्णमाला यावी लागते. वर्ग पाडायचे तर आधी ठरवावे लागते की राज्य नावाची गोष्ट कशाकशाची मिळून बनते. हा पायंडा अमरकोशाचा.

अमरकोशात तर याच्याही पुढची एक पायरी सापडते. एक हत्ती, एक रथ, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती. तीन पत्ती म्हणजे सेनामुख. त्याच्या तिप्पट गुल्म, मग गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. दहा अनीकिनी मिळून एक अक्षौहिणी. 3 चा सातवा घात 2187, त्याची दहापट 21,870. एवढे रथ आणि तितकेच हत्ती. गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे. इथे नुसती नावे नाहीत, कोण कोणाचा भाग आहे तेही पक्के सांगितले आहे.

संगणकशास्त्रात अशा मांडणीला ऑन्टॉलॉजी म्हणतात. शब्द तत्त्वज्ञानातून उचललेला. तिथे त्याचा अर्थ सत्ताशास्त्र, म्हणजे जगात कोणकोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत याचा विचार. आपल्या वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म वगैरे पदार्थ सांगितले ते याच जातीचे काम. 1993 साली टॉम ग्रुबर यांनी संगणकासाठी त्याची व्याख्या केली. तिचा आशय असा, की एखाद्या क्षेत्राविषयी आपल्या मनात ज्या कल्पना असतात त्या यंत्राला कळतील इतक्या उघड आणि काटेकोर मांडणे.

आता हवालदाराकडे येऊ. कृष्णाजी अनंत सभासदाने 1690च्या दशकात जिंजीला लिहिलेल्या बखरीत सैन्याची रचना दिली आहे. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. पायदळात दहा जणांवर नाईक आणि पाच नाईकांवर हवालदार, म्हणजे इथला हवालदार पन्नासांचा. आणि किल्ल्यावर? तिथे हवालदार म्हणजे गडाचा मुख्य अधिकारी. किल्ल्यांच्या चाव्या त्याच्याकडे. सरनोबताचेही तसेच. एक सरनोबत साऱ्या फौजेचा सेनापती, दुसरा एका गडावरचा अधिकारी. हजारीचा हिशेब करून पाहा : 25 गुणिले 5 गुणिले 10 म्हणजे 1250. नाव हजाराचे, स्वार साडेबाराशे.

त्या काळच्या माणसाला याने अडत नव्हते. बोलणारा पन्हाळ्याच्या तटावर उभा आहे की पागेत, यावरून ऐकणाऱ्याला अर्थ कळे. पण बातमी प्रवास करते, तेव्हा हा संदर्भ मागे राहतो. समजा, एखाद्या जासुदाने निरोप आणला : ‘दोन हवालदार फुटून गेले.’ पन्नास घोडी गेली, शंभर पायदळ गेले, की दोन गड गेले? पहिल्या बातमीने दरबारात फार तर कपाळाला आठी पडेल. तिसऱ्या बातमीने रातोरात कूच करावे लागेल. शब्द मात्र तेच.

याहून बारीक मेख अशी, की हवालदार हा माणसाचा प्रकार नव्हेच; ती एक भूमिका आहे. माणूस मरतो, बदलतो, फितूर होतो. हवालदारी राहते. नोंदवहीत माणूस आणि त्याचे पद एकाच रकान्यात लिहिले, तर उद्या तोच माणूस दुसऱ्या गडावर दिसला की दोन माणसे आहेत असे वाटेल. म्हणून आजची ऑन्टॉलॉजी वस्तू, व्यक्ती, भूमिका, घटना आणि स्थळ हे वेगवेगळे ठेवते आणि त्यांना नात्यांनी जोडते : अमुक हा तमुकाचा प्रकार, अमुक हा तमुकाचा भाग, अमुक व्यक्तीकडे अमुक काळात अमुक भूमिका.

ही नाती वाचायची असतील तर आपल्या भागातला ग्रंथ आहे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. करवीरच्या संभाजी छत्रपतींच्या काळात, 1715च्या सुमारास ते सिद्ध झाले. कोश वस्तूंची नावे देतो. आज्ञापत्र त्या वस्तूंचे एकमेकींशी नाते सांगते. दारूखाना घराजवळ नसावा, हा स्थळांमधला संबंध झाला. आरमाराबद्दल पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा असे सांगितले आहे. हे अंग आणि अंगी यांचे नाते. इथेही शब्दाने फसवलेच. जमिनीवर सुभा म्हणजे मुलूख, समुद्रावर सुभा म्हणजे वीस जहाजे! आमच्या शिबिरात हे कार्ड शेवटपर्यंत जनपदवर्गातच पडून होते, आणि ते तिथे ठेवणारे आम्हीच होतो.

ही अडचण जुन्या कागदांपुरती नाही. एका दलाच्या संगणकात ‘तुकडी’ म्हणजे एक आणि दुसऱ्याच्या संगणकात वेगळेच, अशी स्थिती असेल तर दोन्ही याद्या एकत्र करणे धोक्याचे असते. 2001च्या अमेरिकेतील हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने 2004च्या अहवालात गुप्तवार्ता यंत्रणांमध्ये माहितीची देवघेव कमी पडल्याचे नोंदवले. आपल्याकडे 2008च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर निरनिराळ्या खात्यांची माहिती जोडणाऱ्या नॅटग्रिडची योजना पुढे आली. तारा जोडणे हे त्यातले सोपे काम. एका खात्याचा ‘संशयित’ आणि दुसऱ्याचा ‘संशयित’ एकाच अर्थाचे आहेत का, हे ठरवणे अवघड. तिथे चुकले तर त्याची किंमत एखादा निरपराध माणूस मोजतो. यंत्र ती चूक दुरुस्त करत नाही, उलट वेगाने सगळीकडे पोहोचवते. वर्ग कोणी पाडले, कोणाच्या सोयीने पाडले, हे विचारायची सवय म्हणूनच शाळेत लागायला हवी, असे आमचे मत आहे.

पन्हाळ्याच्या सहलीत हा खेळ जमण्यासारखा आहे. अंबारखान्याच्या सावलीत बसून मुलांना कार्डे वाटावीत. हजारीच्या कार्डापाशी आमच्या शिबिरातल्या एका बाईंनी विचारले, “कागदावर साडेबाराशे स्वार आणि हजेरीला सहाशेच घोडी उभी राहिली, तर त्याला हजारी म्हणायचे का?” आम्ही त्यांना खडू दिला. त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले : नेमलेले आणि हजर. मग तिसराही आखला, हजेरी घेतल्याच्या तारखेचा.