कॉर्लिऑन घराण्याचा दुसरा लेखक

बुलढाणा : न्यूयॉर्कमधील एका सिसिलियन गुन्हेगारी घराण्याची कथा सांगणारी मारिओ पुझो यांची 'द गॉडफादर' ही कादंबरी मार्च १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुझो यांचे २ जुलै १९९९ रोजी निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १६ नोव्हेंबर २००४ रोजी, याच घराण्याची पुढील हकीकत 'द गॉडफादर रिटर्न्स' या नावाने वाचकांसमोर आली. पात्रे पुझोंची, प्रकाशन रँडम हाऊसचे आणि लेखक मात्र नवा : मार्क वाइनगार्डनर. दिवंगत लेखकाच्या गाजलेल्या कादंबरीचा उत्तरार्ध परक्या माणसाने लिहावा काय, हा प्रश्न त्या वेळी इंग्रजी वाङ्मयविश्वात बराच चर्चिला गेला. त्यानंतर याच मालिकेत आणखी दोन कादंबऱ्यांची भर पडली आणि प्रकरण न्यायालयापर्यंतही गेले. त्यामुळे तो प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

कर्जातून जन्मलेला डॉन

पुझो यांचा जन्म १९२० मध्ये न्यूयॉर्कमधील एका गरीब इटालियन स्थलांतरित कुटुंबात झाला. 'द डार्क अरीना' (१९५५) आणि 'द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम' (१९६५) या त्यांच्या पहिल्या दोन कादंबऱ्यांची समीक्षकांनी वाखाणणी केली, परंतु त्या खपल्या नाहीत. पोटासाठी ते पुरुषांच्या साहसकथा मासिकांत टोपणनावाने लिहीत. नातेवाईक, बँका, सट्टेवाले आणि सावकार यांचे मिळून सुमारे २० हजार डॉलरचे देणे डोक्यावर असताना, पाच मुलांच्या या बापाने खपेल असे पुस्तक लिहिण्याचे ठरविले. पटनॅम या प्रकाशनसंस्थेने त्यासाठी ५ हजार डॉलर आगाऊ दिले. पुढे केवळ स्वस्त आवृत्तीच्या हक्कांसाठी ४ लाख १० हजार डॉलर मोजले गेले. कादंबरी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत ६७ आठवडे राहिली.

आपण एकाही खऱ्या माफिया म्होरक्याला कधी भेटलो नव्हतो, सारे लेखन वाचन आणि माहितीच्या आधारे केले, असे पुझो यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. डॉन विटोच्या तोंडून बोलताना आपल्या कानात आईचाच आवाज घुमत असे, अशीही कबुली त्यांनी दिली होती. या कादंबरीची ताकद नेमकी येथे आहे. तिच्यात खून आहेत, खंडणी आहे. पण वाचकाला बांधून ठेवते ते घर. लग्न, बारसे, स्वयंपाकघर, बापाचा शब्द, थोरल्याचा तापटपणा, मधल्याची दुबळी बाजू आणि शिकून बाहेर पडू पाहणाऱ्या धाकट्याचे परत ओढले जाणे. भारतीय वाचकाला हे घराणे कधी परके वाटले नाही, त्याचे कारणही हेच असावे.

फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी १९७२ आणि १९७४ मध्ये काढलेल्या दोन चित्रपटांनी ही पात्रे आणखी ठळक केली. दोन्हींच्या पटकथेसाठी पुझो आणि कपोला यांना ऑस्कर मिळाले. १९९० मध्ये तिसरा भाग आला. कादंबरीचा उत्तरार्ध मात्र पुझो यांनी लिहिला नाही. १९८४ च्या 'द सिसिलियन'मध्ये मायकेल कॉर्लिऑन येतो, पण तेथे तो पाहुण्यासारखा आहे. ती कथा सिसिलीतील बंडखोर ग्युलियानोची आहे.

लेखक पाहिजे

रँडम हाऊसमधील जोनाथन कार्प हे पुझो यांच्या अखेरच्या काळातील संपादक. पुझो यांच्या वारसांच्या संमतीने २००२ मध्ये त्यांनी लेखकांच्या प्रतिनिधींना पत्र धाडले. अपेक्षा अशी की, 'गॉडफादर' लिहिताना पुझो आयुष्याच्या ज्या टप्प्यावर होते, त्याच टप्प्यावरचा लेखक हवा : कारकिर्दीच्या मध्यावर असलेला, दोन दर्जेदार कादंबऱ्या नावावर असलेला. पत्र वृत्तपत्रांच्या हाती लागले आणि डॉनच्या गादीसाठी उमेदवार मागविल्याची बातमी झाली.

निवड झाली ती फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकविणाऱ्या वाइनगार्डनर यांची. ओहायो राज्यातील एका छोट्या गावी १९६१ मध्ये जन्मलेल्या या लेखकाच्या नावावर तोवर दोनच कादंबऱ्या होत्या. एक मेक्सिकोतील बेसबॉलवर, दुसरी क्लीव्हलँड शहरावर. इटालियन रक्ताचा त्यांच्याशी संबंध नव्हता. कॉर्लिऑन घराण्यात वाढलेला वकील टॉम हेगनही जन्माने इटालियन नव्हता, हा योगायोग या निमित्ताने आठवल्याशिवाय राहत नाही.

कादंबरी आणि चित्रपट यांच्या फटीत

वाइनगार्डनर यांच्यापुढील अडचण दुहेरी होती. पुझो यांची कादंबरी मुख्यतः १९४५ ते १९५५ या काळात घडते. चित्रपटाच्या दुसऱ्या भागातील मायकेलची कथा १९५८-५९ मधील आहे. कादंबरी वाचणाऱ्यांपेक्षा चित्रपट पाहिलेले लोक कितीतरी अधिक, त्यामुळे चित्रपटात घडलेले नाकारता येत नव्हते. आणि चित्रपट व कादंबरी सर्वत्र जुळत नाहीत. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी मायकेलच्या खोलीचे दार पत्नी केच्या तोंडावर बंद होते. कादंबरीत ती घर सोडून जाते, टॉम हेगन तिची समजूत घालतो, ती परतते आणि नवऱ्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना करू लागते. या दोन बायका एकच आहेत असे मानून पुढे लिहायचे होते.

चित्रपटनिर्मितीतील भांडणेही कथेच्या मानगुटीवर बसली होती. क्लेमेंझा हा डॉनचा जुना सहकारी दुसऱ्या चित्रपटात नाही, कारण ती भूमिका करणाऱ्या नटाशी बोलणी फिसकटली. पडद्यावर मग तो मधल्या काळात वारल्याचे सांगावे लागले. नव्या लेखकाला नटाच्या करारातून उपजलेले हे मरणही कथेतील सत्य म्हणून पत्करावे लागले.

वाइनगार्डनर यांनी १९५५ ते १९६२ हा काळ निवडला. कोणते वर्ष कादंबरीत आले आहे, कोणते चित्रपटांत आणि कोणते आता येत आहे, हे दाखविणारा कालपट त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच दिला. ही प्रामाणिक रीत आहे. दुसऱ्याच्या घरात राहायला गेलेल्या माणसाने कोणत्या खोल्या आपण वापरणार ते आधीच सांगून टाकावे, तसे ते आहे.

या कादंबरीतील सर्वांत जिवंत माणूस पुझोंचा नाही. निक गेरासी हा क्लीव्हलँडहून आलेला, कधीकाळी मुष्टियुद्ध खेळलेला आणि कायद्याचे शिक्षण घेऊ पाहणारा हुशार गडी टेसिओच्या हाताखाली तयार झालेला आहे. मूळ कथेत फितूर ठरलेल्या टेसिओला शेवटी नेले जाते, एवढेच आपल्याला कळते. येथे त्याच्यावर गोळी झाडण्याचे काम मायकेल गेरासीवर सोपवितो. गुरूला मारून निष्ठा सिद्ध करायची. ती सिद्ध केल्यावरही मायकेलला त्याच्या कर्तबगारीची धास्ती वाटते आणि विमान अपघाताच्या आडून त्याचा काटा काढण्याचा डाव रचला जातो. विमान ईरी सरोवरात कोसळते; गेरासी वाचतो. आपल्याला कोणी मारू पाहिले हे कळल्यावर त्याच्या मनात धरलेली अढी पुढच्या साऱ्या कथेचे इंधन ठरते. बापाइतकाच थंड डोक्याचा समजला जाणारा मायकेल बापाला कधी न घडलेली चूक करतो : निष्ठावंताला वैरी बनवितो. पुस्तकातील हा भाग मूळ कादंबरीच्या पंक्तीला बसतो.

बाकी ठिकाणी मात्र लेखकाला रिकाम्या जागा भरण्याचा मोह आवरलेला नाही. फ्रेडोने सख्ख्या भावाचा विश्वासघात का केला, नेमके काय सांगितले, हे चित्रपटात धूसरच राहते. त्या धूसरपणामुळे सरोवरातील नावेवर त्याचा होणारा शेवट अंगावर काटा आणतो. वाइनगार्डनर फ्रेडोचे लपविलेले लैंगिक आयुष्य, नटीशी झालेले लग्न, स्मशानभूमीच्या जमिनींचा त्याचा धंद्याचा बेत, गेरासीने त्याचा करून घेतलेला वापर, असे सारे तपशील पुरवितात. तपशील रंजक आहेत. पण कारणे कळत जातात तसा फ्रेडो आक्रसत जातो. गायक जॉनी फॉन्टेन, केनेडींवर बेतलेला जिमी शे, क्युबातील कट अशी साठच्या दशकातील ओळखीची गर्दीही फार झाली आहे. समीक्षकांची मते त्या वेळी विभागली गेली, यात नवल नाही.

घराणे कोणाच्या मालकीचे?

वाइनगार्डनर यांनीच २००६ मध्ये 'द गॉडफादर्स रिव्हेंज' लिहून गेरासीची कथा पूर्ण केली. टॉम हेगन तिसऱ्या चित्रपटात का नाही, याचे उत्तर त्यांनी येथे त्याच्या मृत्यूने दिले. प्रत्यक्षात रॉबर्ट डुवाल यांचे मानधनावरून जमले नव्हते, हे सर्वज्ञात आहे. २०१२ मध्ये एड फाल्को यांची 'द फॅमिली कॉर्लिऑन' आली. तिचा आधार पुझो यांनी लिहिलेली, पण चित्रपट न झालेली पटकथा हा होता.

तिच्या प्रकाशनापूर्वीच, फेब्रुवारी २०१२ मध्ये, पॅरामाउंट या चित्रपटसंस्थेने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात पुझो यांच्या वारसांविरुद्ध दावा दाखल केला. १९६९ मध्ये कादंबरीचे हक्क आपण विकत घेतले आणि उत्तरार्धाची परवानगी एकाच पुस्तकापुरती दिली होती, असे संस्थेचे म्हणणे होते. पुस्तके काढण्याचा हक्क पुझो यांनी स्वतःकडे राखला होता, असा वारसांचा प्रतिदावा होता. कादंबरी त्या वर्षीच्या मे महिन्यात निघाली आणि डिसेंबरमध्ये तडजोड झाली. डॉन विटोच्या वाटणीचा तंटा न्यायाधीशांपुढे जावा, हे डॉनला स्वतःला खचितच रुचले नसते.

अमेरिकी कायद्यानुसार १९६९ च्या पुस्तकाचे हक्क ९५ वर्षे टिकतात. म्हणजे १ जानेवारी २०६५ पूर्वी परवानगीवाचून कोणालाही मायकेलला हात लावता येणार नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत आहे. ११ जून १९५० रोजी निवर्तलेल्या साने गुरुजींचे साहित्य २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले, ते याच नियमाने.

इकडचे दाखले

एकाने सुरू केलेले दुसऱ्याने पुढे न्यावे, ही गोष्ट आपल्याकडे अपूर्व नव्हे. बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली आणि ती त्याच्या पुत्राने पूर्ण केली. मराठीने या साहित्यप्रकाराला नाव घेतले ते त्याच ग्रंथावरून. महाभारतातील मौनांच्या जागा भरणाऱ्या 'ययाति' आणि 'मृत्युंजय' या कादंबऱ्या मराठी वाचकाने डोक्यावर घेतल्या. तेथे वारस नव्हते, करारनामे नव्हते आणि मुख्य म्हणजे पात्रांच्या चेहऱ्यावर कोणा नटाचा शिक्का बसलेला नव्हता.

कॉर्लिऑन घराणेही महाराष्ट्रात आले, पण पडद्यावरून. रामगोपाल वर्मा यांनी २००५ च्या 'सरकार'मध्ये 'गॉडफादर'चे ऋण उघडपणे मान्य करून सुभाष नागरे हे मराठी घराणे उभे केले. परदेशातून परतलेला धाकटा शंकर बापाची गादी सांभाळतो, थोरल्या विष्णूचा बळी जातो. येथे कोणी मूळ कथेच्या पुढचे पान लिहिले नाही. सांगाडा घेतला, हाडामांसाची माणसे मुंबईची घातली. वाइनगार्डनर यांना हे स्वातंत्र्य नव्हते.

बुलढाणा जिल्ह्याला २००४ हे वर्ष स्मरते ते वेगळ्या कारणाने. जिल्ह्याचे कादंबरीकार सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला त्या वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तीही एका घराची कथा. शिकलेला मुलगा बापाच्या धंद्याबाहेर पडू पाहतो आणि बाहेरची दारे बंद असल्याने परत ओढला जातो. एकनाथचा धंदा कोरडवाहू शेतीचा आहे आणि त्याच्या हाती बंदूक नाही, सातबारा आहे. मायकेलची कोंडी ज्याला नीट समजून घ्यायची आहे, त्याने ही दोन पुस्तके पाठोपाठ वाचावीत.

कोणते आधी वाचावे?

कथेतील काळानुसार क्रम लावायचा तर 'द फॅमिली कॉर्लिऑन' (१९३३-३४), 'द गॉडफादर', मग 'रिटर्न्स' आणि शेवटी १९६३-६४ मधील 'रिव्हेंज' असा लागतो. 'द सिसिलियन' हे मायकेलच्या सिसिलीतील वास्तव्याच्या अखेरीस, म्हणजे मूळ कादंबरीच्या पोटात बसते. परंतु प्रथम वाचणाऱ्याने प्रकाशनाचा क्रम पाळणे बरे. फाल्को यांचे पुस्तक आधी घेतल्यास तरुण सॉनी आणि लुका ब्रासी यांच्याविषयी जे पुझो यांनी मोजक्या ओळींत सुचविले, ते आधीच सविस्तर कळून बसते. 'रिटर्न्स' हाती घेण्यापूर्वी दुसरा चित्रपट पाहिलेला असणे आवश्यक आहे. त्याशिवाय गेरासी समजेल, फ्रेडो समजणार नाही.