रंग निवडणारा हात

शनिवार पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात, एका स्नेह्यांच्या देवघरातील रामपंचायतनाचे जुने शिळाछापाचे चित्र स्कॅन करून घेण्यासाठी मी बसलो होतो. कागद पिवळा पडलेला, खालच्या कोपऱ्यात ओलीचा तपकिरी डाग. ऑपरेटरने फोटोशॉपमधील ‘मॅजिक वाँड’ उचलून डागावर एकदा टिचकी मारली. डागाभोवती तुटक रेषेची हलती किनार उमटली. पण ती डागापाशी थांबली नाही. सिंहासनाची पायरी ओलांडून ती मारुतीच्या गुडघ्यापर्यंत गेली. “टॉलरन्स कमी करतो, सर,” तो म्हणाला.

टॉलरन्स म्हणजे सहिष्णुता. येथे ती ० ते २५५ मधली एक संख्या असते आणि मूळची ३२ वर ठेवलेली असते. टिचकी मारलेल्या ठिपक्यापेक्षा किती वेगळा रंग ‘तोच’ मानावयाचा, हे ती ठरवते. ‘तोच’ म्हणजे काय, हा प्रश्न मात्र संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे. पडद्यावरचे ते चित्रही मुळात रंगांची निवड करूनच जन्मले होते.

पुण्यात अशा चित्रांचा कारखाना म्हणजे चित्रशाळा. ती १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने निघाली. वाङ्मयाचे इतिहासकार ‘निबंधमाले’वर प्रकरणेच्या प्रकरणे लिहितात आणि चित्रशाळेला एका वाक्यात निरोप देतात. मला हे अन्यायाचे वाटते. ज्यांना निबंध वाचता येत नव्हता, त्यांच्या भिंतीपर्यंत शास्त्रीबुवांचा हाच उद्योग पोहोचू शकत होता.

शिळाछापाचे तत्त्व साधे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने रेखाटावे, दगड ओला करावा. शाई रेखाटनालाच धरते. हा शोध अठराव्या शतकाच्या अखेरीस सेनेफेल्डरने बव्हेरियात लावला. रंगीत छपाईचे पेटंट एंगेलमानने १८३७ मध्ये फ्रान्समध्ये घेतले. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. म्हणून शिळेवर काढणाऱ्या कारागिराला मूळ चित्र समोर ठेवून विचारावे लागे, की यात पिवळा कोठे आहे?

उत्तर केवळ ‘पीतांबरात’ असे नसे. पिवळा पानांच्या हिरव्यात असे, शेंदरात असे, सीतेच्या गालावरच्या उजेडातही असे. हा दडलेला पिवळा वेगळा ओळखून, कोठे दाट कोठे विरळ ठिपक्यांनी, तो एका दगडावर उतरवायचा. मग तांबड्यासाठी दुसरा दगड, निळ्यासाठी तिसरा. हे सारे दगड एकाच कागदावर केसभरही न हलता जुळले पाहिजेत.

पुढे हे काम कारागिराच्या डोळ्यांकडून काचेकडे गेले. तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून एकाच वस्तूची तीन छायाचित्रे घेऊन रंग पुन्हा जुळवता येतो, हे मॅक्सवेलने १८६१ मध्ये दाखवले होते; छापखान्यातला प्रोसेस कॅमेरा त्याच वाटेने गेला. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. त्यातील ‘चॅनेल’ हे त्या दगडांचे थेट वंशज म्हणता येतील. जादूच्या कांडीचे कूळ मात्र निराळे. ती रंगाच्या पोटात शिरत नाही. शेजारचा ठिपका निवडलेल्या ठिपक्यासारखा दिसतो का, एवढेच पाहते आणि पुढे सरकते.

आमची अडचण नेमकी येथे होती. कोरा कागद हाही शिळाछापात एक रंगच असतो; चेहऱ्यावरचा सर्वांत उजळ भाग पुष्कळदा न छापलेला कागदच असतो. तो शंभर वर्षांत पिवळा पडला, की काळाचा पिवळा आणि शाईचा पिवळा एकाच संख्येत येऊन बसतात. माणूस पुष्कळदा ते वेगळे ओळखतो, कारण गुडघा कोठे असावा हे त्याला ठाऊक असते. संख्येला ते ठाऊक नसते. ‘स्वच्छ’ करून पुन्हा छापलेल्या कितीतरी जुन्या चित्रांत देवांचे चेहरे सपाट, दुधी दिसतात, ते मला यामुळेच वाटते.

ऑपरेटरने आकडा १२ वर आणला. आता निम्मा डाग सुटला, गुडघा तरीही अर्धा अडकला. अखेर कांडी बाजूला ठेवून त्याने माउसने डागाची कड हाताने आखायला घेतली. अर्धा तास लागला. चित्र मोठे करताना सीतेच्या ओठांचा तांबडा रंग रेषेच्या किंचित उजवीकडे सरकलेला दिसला. तांबड्याचा दगड त्या दिवशी केसभर हलला असावा.

“हेही सरळ करू का, सर?” त्याने विचारले.

“नको, ते राहू द्या,” मी म्हटले.