नोंद बदलली, खबर कुणाला?

मी राहतो ते होसकोटे एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. आजचा विषय मात्र अलीकडच्या दप्तराचा.

आपल्या सातबाऱ्याला इथे पहाणी म्हणतात. २००१ च्या सुमारास कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर घेतल्या. फेरफाराचा अर्ज आला की नोटीस निघे. ३० दिवसांत हरकत आली नाही, तरच मालकाचं नाव बदले.

वेबसाइटवर असंच काम ‘हुक’ करतो. डिसेंबर २००५ च्या वर्डप्रेस २.० पासून ‘प्रोफाइल अपडेट’ हा हुक आहे. वापरकर्त्याची माहिती बदलली, की त्याला जोडलेला आपला कोड आपोआप चालतो. सोबत जुनी माहितीही मिळते, म्हणून काय बदललं ते ताडता येतं. पण हे सगळं बदल झाल्यानंतर. भूमीत नोटीस आधी. म्हणूनच २०१५ च्या ४.३ आवृत्तीपासून ईमेल बदलला, की खबर जुन्या पत्त्यावर जाते. नव्या पत्त्यावर चोरच बसलेला असू शकतो!

सीमेवरच्या जवानाला गावच्या चावडीवरची नोटीस दिसत नाही, हे आम्ही फौजी जाणतो. तेव्हा मंडळी, असा कोड लिहाल तेव्हा पहिली खबर जुन्या धन्याला द्या.