करदर बदलतो, तेव्हा माल कोणाच्या हातात असतो?

जयपूर : अजमेर रस्त्यावरील सोडाला हा जयपूरचा निवासी वस्त्या व किरकोळ दुकानांचा भाग. करांचे निर्णय दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमध्ये होतात. त्यांचा हिशेब मात्र अशा बाजारपेठांतील खातेवह्यांत मांडावा लागतो. दर वाढला की तोटा आणि घटला की फायदा, असा सर्वसाधारण समज आहे. अलीकडील तीन बदल मात्र वेगळे सांगतात : व्यापाऱ्याचा नफा-तोटा दराइतकाच बदलाच्या दिवशी माल कोणाच्या हातात होता, यावर ठरतो.

जुना साठा, नवा दर

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतांश वस्तूंसाठी जीएसटीचे ५ व १८ टक्के हे दोनच प्रमुख टप्पे राहिले. दोन हजार रुपयांच्या तयार कपड्यावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तीन हजारांच्या कपड्यावरील कर मात्र १२ वरून १८ टक्के झाला. जुन्या दराने घेतलेला माल विकताना नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला खरेदीवेळी भरलेल्या कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतील छोट्या व्यापाऱ्याला ती मिळत नाही. वार्षिक दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्यांना ही योजना स्वीकारता येते. कर घटल्यामुळे ग्राहक कमी किंमत मागतो. साठ्यावरील जुना कर अशा दुकानदाराच्या खरेदी खर्चातच राहतो.

सोन्यातील घट

जयपूरच्या सराफा व्यवसायाने हाच अनुभव आधी घेतला. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ वरून ६ टक्के करण्यात आले. शंभर रुपये आयात किमतीच्या सोन्याचा शुल्कासह खर्च ११५ वरून १०६ रुपयांवर आला. ग्राहकाला दिलासा मिळाला. परंतु जुन्या शुल्काने घेतलेले सोने ज्यांच्या तिजोरीत होते, त्यांच्या साठ्याचे मूल्य एका दिवसात उतरले. वायदेबाजारात दराचे संरक्षण घेणारे मोठे व्यापारी यातून काहीसे सावरू शकतात. लहान सराफाला तो मार्ग सहसा परवडत नाही.

टपालातील पार्सल

अमेरिकेने ७ ऑगस्ट २०२५ पासून बहुतांश भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त शुल्क लावले आणि रशियाकडून होणाऱ्या तेलखरेदीचे कारण देत २७ ऑगस्टपासून ते ५० टक्क्यांवर नेले. २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफीही संपली. त्यापूर्वीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपाल विभागाने अमेरिकेसाठीच्या बहुतेक पार्सलांची नोंदणी तात्पुरती थांबवली होती. १५ ऑक्टोबरला सेवा पूर्ववत झाली, तेव्हा जाहीर मूल्याच्या ५० टक्के शुल्क नोंदणीवेळीच आगाऊ भरावे लागत होते. चांदीचे दागिने किंवा हस्तकलेच्या वस्तू घरून पाठवणाऱ्या विक्रेत्यासाठी याचा अर्थ १०० डॉलरच्या वस्तूमागे ५० डॉलर आधी गुंतवणे असा होता. निर्यातीत कच्च्या मालावरील जीएसटीचा परतावा मागता येतो. परदेशी शुल्काला तशी सोय नाही.

तिन्ही प्रसंगांत ज्याच्याकडे राखीव भांडवल होते, त्याला वाट पाहता आली. म्हणूनच सौदा करताना वाढीव शुल्क कोण सोसणार, हे लेखी ठरवणे आणि अर्थसंकल्प किंवा जीएसटी परिषदेच्या बैठकीपूर्वी साठा मर्यादित ठेवणे, हाच छोट्या व्यावसायिकाच्या हाती उरणारा मुख्य बचाव ठरतो.