जहाजे कोणी घडवली?

प्राचीन भारताच्या नौकानयनाचा विषय निघाला की "हे सगळे आपल्या शास्त्रांत होतेच" असे छातीठोकपणे सांगितले जाते. आम्ही विचारतो, कोणत्या शास्त्रांत? बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हे माणसाला पतित करणारे पाप आहे आणि त्यासाठी तीन वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात समुद्रप्रवास केलेला ब्राह्मण श्राद्धाच्या पंक्तीला अपात्र ठरतो.

मग जहाजे पुढे गेली कशी? ज्यांचे पोट पाण्यावर होते त्यांनी ती पुढे नेली. आधी खोड कोरून होडी झाली. तिच्या काठांवर फळ्या चढवल्या, तेव्हा ती मोठ्या लाटांना तोंड देऊ लागली. अरबी समुद्रात या फळ्या खिळ्यांऐवजी भोके पाडून काथ्याच्या दोरीने शिवत. शिवलेली होडी लाटेबरोबर लवते, वाळूवर आदळली तरी सहजी फुटत नाही, आणि दोरी कुजली की पुन्हा शिवता येते. हे अभियांत्रिकी ज्ञान नव्हे तर काय?

पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात सोपारा व कल्याण या बंदरांची नावे आहेत. याच गावांच्या दात्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवले आहे. ते पूर्णाच्या कथेतले. दिव्यावदानातला सोपाऱ्याचा हा पूर्ण दासीपुत्र. सहा वेळा समुद्र ओलांडून तो सुखरूप परतला आणि पुढे भिक्खू झाला. एकीकडे समुद्रावर गेलेल्याला पंक्तीतून उठवणारी परंपरा, दुसरीकडे दासीपुत्र दर्यावर्दीला लेण्याच्या भिंतीवर मान देणारी परंपरा. फरक लक्षात घ्या.

पुढे १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानी 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका ब्रिटिश आरमारासाठी बांधली गेली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. वाडियांचे नाव इतिहासात आले, ते योग्यच. पण ते सागवान तासणाऱ्या सुतारांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

पोथीला विद्या आणि हाताच्या कामाला हलके म्हणणाऱ्या व्यवस्थेने हे ज्ञान कधी ज्ञान मानलेच नाही. आज त्याच ज्ञानाचे श्रेय मात्र पोथीच्या खात्यावर जमा होते. हा हिशेब दुरुस्त केल्याशिवाय नौकानयनाचा इतिहास पुरा होणार नाही.