गरम पाण्याची साक्ष

१९८५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ड्रोनॅबिनॉल नावाच्या कॅप्सूलला परवानगी दिली. केमोथेरपीमुळे होणाऱ्या उलट्या ज्या कॅन्सर पेशंटच्या इतर औषधांनी थांबत नाहीत, त्यांच्यासाठी ही कॅप्सूल होती. तिच्यात होतं टीएचसी, म्हणजे गांजाची नशा ज्या रसायनामुळे चढते तेच, फक्त प्रयोगशाळेत बनवलेलं. त्याच वर्षी भारतात एनडीपीएस कायदा आला आणि गांजा बाळगणं, विकणं, ओढणं हा देशभर एकाच कायद्याखाली गुन्हा ठरला. एकीकडे औषध, दुसरीकडे गुन्हा. गांजाबद्दलची जगभरची भांडणं तेव्हापासून बरीचशी याच दोन टोकांच्या मध्ये चालू आहेत.

या भांडणात एका पेशंटला कुठेच जागा नव्हती. वर्षानुवर्षं जवळपास रोज गांजा ओढणारा, आणि आता दर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिवसच्या दिवस उलट्या करणारा. पोटात पाणीही ठरत नाही, पोट पिळवटून निघतं, सलाईन लागतं, तपासण्या होतात, काही सापडत नाही. दोन-चार दिवसांत तो बरा होतो, घरी जातो आणि काही काळाने पुन्हा इमर्जन्सीत येतो.

या आजाराला आज कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम म्हणतात. गांजाशी त्याचा संबंध वैद्यकीय जगासमोर ठळकपणे मांडला गेला तो २००४ साली. माणूस ही वनस्पती हजारो वर्षं वापरतोय, मग तिचा हा आजार ओळखायला एकविसावं शतक का उजाडावं लागलं?

पोटाचं जुनं औषध

पहिलं कारण म्हणजे पोटाच्या बाबतीत या वनस्पतीचं नाव फार चांगलं होतं. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात भांग कफ घालवणारी, पाचक आणि ग्राही, म्हणजे जुलाब बांधणारी, म्हणून नोंदली आहे. त्याच शतकात, १५६३ साली, गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूपी ग्रंथ छापला गेला. त्यात भांगेवर एक प्रकरण आहे. ओर्ता यांनी स्वतः ती चाखली नव्हती, पण त्यांच्या नोकरांनी सांगितलेले अनुभव त्यांनी लिहून ठेवले: काम जाणवत नाही, मन खूश राहतं आणि खायची इच्छा होते. 'मंचीज' हा शब्द यायच्या चारशे वर्षं आधीची ही नोंद आहे.

१८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले आयरिश डॉक्टर विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी गांजावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. धनुर्वात, संधिवात, लहान मुलांच्या आकडी यांच्याबरोबर पटकीच्या रोग्यांवरही त्यांनी तो वापरून पाहिला. पटकी म्हणजे कॉलरा, जुलाब आणि उलट्यांचा आजार. ओशॉनेसींच्या लेखनातून गांजा युरोपच्या औषधशास्त्रात शिरला.

मग १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं. सात सभासद, ११९३ साक्षीदार आणि सात खंडांचा अहवाल. गांजावर एवढी मोठी चौकशी त्याआधी जगात झाली नव्हती. साक्षीदारांना विचारलेल्या प्रश्नांत पचन बिघडतं का, भूक मरते का, हगवण, दमा, खोकला होतो का, हे प्रश्न होते. सगळ्यात जास्त मेहनत मात्र गांजाने वेड लागतं का हे शोधण्यावर घेतली गेली. त्यासाठी वेड्यांच्या इस्पितळांतल्या १८९२ सालच्या नोंदी एकेक करून तपासल्या. माफक सेवनाने सहसा इजा होत नाही, अतिसेवनाने होते, असा निष्कर्ष निघाला. ठरावीक काळाने येणाऱ्या उलट्या या चौकशीचा विषयच नव्हत्या. सरकारला वेडाची आणि गुन्ह्यांची काळजी होती, आणि प्रश्नही तसेच विचारले गेले.

विसाव्या शतकात गांजाचं पोटाशी नातं आणखी घट्ट झालं. १९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी वेगळं काढून त्याची रचना उलगडली. थोड्याच वर्षांत अमेरिकेतले कॅन्सरचे तरुण पेशंट सांगू लागले की, केमोआधी गांजा ओढला तर मळमळ कमी होते. बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी टीएचसीची रीतसर चाचणी घेतली आणि १९७५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पेशंट खरं बोलत होते. याच वाटेने दहा वर्षांनी ती कॅप्सूल आली.

त्यानंतर उलट्या घेऊन आलेल्या पेशंटने 'मी गांजा ओढतो' असं सांगितलंच, तर डॉक्टरला त्यात आश्चर्य वाटेनासं झालं. उलटीवर उपाय म्हणूनच ओढत असेल, असं त्यालाही वाटायचं आणि पेशंटलाही.

मनाचा आजार म्हणून

दुसरं कारण असं की, अशा उलट्यांसाठी वैद्यकाकडे एक तयार खण होता. १८८२ मध्ये लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी मधूनमधून उलट्यांचे झटके येणाऱ्या नऊ मुलांचं वर्णन केलं. झटका आला की मूल बेजार, गेला की खेळायला मोकळं. याला पुढे सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम हे नाव मिळालं. मोठ्या माणसात असंच काही दिसलं आणि तपासण्या निर्दोष आल्या की त्याच खणात टाकायचं, किंवा 'मानसिक' लिहून मोकळं व्हायचं.

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मानसोपचाराच्या नियतकालिकात असाच एक पेशंट छापून आला. निदान होतं मानसिक कारणाने होणाऱ्या उलट्या, आणि गांजाचं व्यसन त्यात भर घालणारी गुंतागुंत म्हणून नोंदलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर होत्या, पण त्यांचा क्रम उलटा लागला होता.

अॅडलेडच्या टेकड्यांमध्ये

दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९८७ मध्ये गांजाबद्दलचा कायदा सैल केला होता. स्वतःपुरता थोडा गांजा सापडला तर कोर्टाऐवजी दंडाची पावती मिळायची. गांजा कायदेशीर झाला नव्हता, पण डॉक्टरसमोर त्याबद्दल बोलणं म्हणजे स्वतःला तुरुंगात घालणं, अशी भीती उरली नव्हती. माझ्या मते, हा आजार तिथे सापडण्यात या तपशिलाचा मोठा वाटा आहे.

अॅडलेड हिल्स हा अॅडलेड शहरालगतचा डोंगराळ भाग. तिथे जे. एच. अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दीर्घकाळ गांजा ओढणारे आणि उलट्यांचे झटके येणारे १९ जण आढळले. पाच जणांनी संमती दिली नाही, पाच जणांना आजाराची इतर कारणं असू शकतील म्हणून वगळलं. उरले नऊ. गी यांची मुलंही नऊच होती. दहावा म्हणून त्यांनी १९९६ चा तो छापील पेशंट तुलनेला घेतला. त्या जुन्या लेखाचे लेखक जी. एम. द मूर आता या गटात होते.

सगळ्यांमध्ये गांजा आधी आणि उलट्या नंतर, असाच क्रम होता. सगळ्यांना गांजा सोडायला सांगितलं गेलं आणि लघवीच्या तपासण्यांतून त्यावर लक्ष ठेवलं. सात जणांनी सोडला, त्यांच्या उलट्या थांबल्या. तिघांनी सोडला नाही, त्यांच्या थांबल्या नाहीत. सोडलेल्यांपैकी तिघांनी मध्येच पुन्हा सुरू करून पाहिला आणि आजार परत आला. त्यातल्या दोघांनी पुन्हा सोडला आणि ते बरे झाले. दहाच माणसं, पण पुराव्याची दिशा स्पष्ट होती.

यात एक विचित्र गोष्टही होती. दहापैकी नऊ जण झटका आला की गरम पाण्याने अंघोळ करत सुटायचे, दिवसातून कितीतरी वेळा, सहन होईल तेवढ्या कढत पाण्याने. पाण्याखाली असेपर्यंत मळमळ आणि पोटदुखी ओसरायची, बाहेर आलं की परत. सतत धुण्याची सवय म्हटली की डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा मानसिक विकारच येतो. अॅलन यांच्या गटाने मात्र तिच्याकडे लक्षण म्हणून पाहिलं. 'गट' या नियतकालिकात छापलेल्या त्यांच्या लेखामुळे, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना विचारायला एक साधा प्रश्न मिळाला: गरम पाण्याने बरं वाटतं का?

हा प्रश्न कुठल्याही मशीनपेक्षा उपयोगी ठरला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ९८ पेशंटची मालिका प्रसिद्ध केली. ज्या ५७ जणांच्या कागदांत अंघोळीबद्दल नोंद होती, त्यातल्या ५२ जणांना गरम पाण्याने आराम पडत होता. बाकीच्यांच्या कागदांत याची नोंदच नव्हती.

एकच रसायन, दोन कामं

जे उलटी थांबवतं तेच उलटी कसं करवेल? याचं पूर्ण उत्तर अजून सिद्ध झालेलं नाही, पण काही धागे हाती आहेत. टीएचसी ज्या ग्राहकांना चिकटतं ते मेंदूत आहेत तसे आतड्यांतही आहेत. मेंदूत ते उलटी दाबतं, पोटात मात्र अन्न पुढे ढकलण्याचा वेग मंदावतं. आपलं शरीरही या ग्राहकांसाठी स्वतःचं रसायन बनवतं. १९९२ मध्ये ते सापडलं तेव्हा त्याला 'आनंद' या संस्कृत शब्दावरून अॅनांडामाइड हे नाव दिलं गेलं. शिवाय टीएचसी चरबीत साठतं. रोजच्या वापराने वर्षानुवर्षं ही यंत्रणा दाबात राहिली की ती बिघडत असावी, असा अंदाज आहे.

गरम पाण्याचा धागा मिरचीपर्यंत जातो. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शोधलेला टीआरपीव्ही-१ हा ग्राहक उष्णता आणि मिरचीतलं कॅप्सायसिन या दोन्हींना प्रतिसाद देतो. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. गरम पाणी याच ग्राहकावर काम करत असावं, या तर्काने काही इमर्जन्सी विभागांत पोटावर कॅप्सायसिनचं मलम लावतात आणि अनेकांना त्याने आराम पडतो. उलटीवरची नेहमीची औषधं मात्र इथे बऱ्याचदा थिटी पडतात. कायमचा उपाय अॅडलेडला सापडला तोच: गांजा पूर्ण बंद.

दरम्यान गांजाही बदलला. अमेरिकेत जप्त होणाऱ्या मालात १९९५ च्या सुमारास टीएचसीचं प्रमाण सुमारे ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. कोलोरॅडोत औषधी गांजाचे नियम सैल झाल्यावर दोन हॉस्पिटलांतल्या इमर्जन्सी भेटी मोजल्या गेल्या. आधी १,१३,२६२ भेटींमागे ४१ अशा उलट्यांच्या होत्या, नंतर १,२५,०९५ मागे ८७. २०१९ मध्ये न्यायवैद्यकाच्या एका नियतकालिकात या आजाराच्या तीन मृतांची नोंद आली. दोघांच्या मृत्यूचं कारण हाच आजार ठरवला होता. सततच्या उलट्यांनी शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, मूत्रपिंडं आणि हृदय धोक्यात येतात. उलटी हे क्षुल्लक लक्षण वाटतं, म्हणून हे सांगायला हवं.

आपल्याकडे

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. त्यातल्या बहुतेकांना हा आजार होणार नाही. तो मुख्यतः दीर्घकाळ, आठवड्यातून अनेकदा घेणाऱ्यांचा आजार आहे. पण तसे लोक आपल्या हॉस्टेलांत, फ्लॅटांत, ऑफिसांत आहेत, आणि त्यांच्या उलट्यांना घरात नाव मिळतं पित्त, अॅसिडिटी किंवा बाहेरचं खाणं. डॉक्टर 'दारू, सिगारेट?' विचारतात तेव्हा आई-बाबा शेजारीच उभे असतात. मग एंडोस्कोपी होते, सोनोग्राफी होते, परदेशात तर असल्या पेशंटची पित्ताशयंही विनाकारण काढली गेली आहेत. मित्र सांगतात की मळमळीवर एक कश मार, बरं वाटेल. ओशॉनेसींच्या काळापासून चालत आलेला हा सल्ला या एका आजारात नेमका उलटा पडतो.

एनडीपीएस कायद्यात ६४-अ हे कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. हे फार थोड्यांना माहीत आहे.

बॉस्टनच्या पेशंटनी सांगितलं म्हणून गांजातलं औषध सापडलं, आणि अॅडलेडच्या पेशंटनी सांगितलं म्हणून त्यातला आजार. तुमच्या ओळखीत कुणी रोज ओढणारा असेल, त्याला असे उलट्यांचे झटके येत असतील आणि तो तासन् तास गिझर चालू ठेवून बाथरूममध्ये बसत असेल, तर त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा. त्याच्या आई-बाबांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगा. आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगायला लावा: गांजाची आणि गरम पाण्याची.