बाबासाहेबांच्या हाती बुद्धचरित्र कधी आले?

बुलढाणा जिल्ह्यात जयंतीच्या व्याख्यानांतून आम्ही एक मांडणी नेहमी ऐकतो: १९३५ ला येवल्याची घोषणा झाली, मग बाबासाहेबांनी सगळे धर्म तपासले आणि शेवटी त्यांना बुद्ध सापडला. विरोधक याचाच फायदा घेऊन धर्मांतराला रागातून केलेले राजकारण म्हणतात. या मांडणीत एका शाळकरी मुलाचे वाचन गळून पडते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ ला लिहिलेली प्रस्तावना वाचा. (१९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती नव्हती, म्हणून पुष्कळांच्या नजरेतून सुटली.) इंग्रजी चौथी पास झाल्याबद्दल समाजाने सभा भरवली, तिथे दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, असे ते सांगतात. धनंजय कीर ही सभा १९०७ च्या मॅट्रिकनंतरची मानतात. वर्षाचा वाद चालू द्या. दोन्ही हिशेबांनी वाचणारा मुलगाच आहे.

हे पुस्तक काही बालसाहित्य नव्हते. घरातले सक्तीचे वाचन रामायण-महाभारताचे. बुद्धचरित्र वाचल्यावर भीमरावांनी वडिलांना जाब विचारला: आम्हाला हेच का वाचायला लावता? सुभेदार रामजींचे उत्तर आजही विचार करायला लावते. आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात न्यूनगंड बसेल; कर्ण, द्रोण किती वर गेले ते पाहा, वाल्मिकी तर कोळी होता. बापाचा हेतू स्वच्छ होता. मुलाला मात्र भीष्म, द्रोण ढोंगी वाटले, कृष्ण कपटी वाटला. शूर्पणखा, वाली आणि सीता यांच्याशी राम जसा वागला, तेही त्याला पटले नाही. वडील गप्प झाले.

हाच जाब पुढे 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये विस्ताराने येतो. नागपूरला १९५६ ला दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली दुसरी प्रतिज्ञा राम-कृष्णाला देव न मानण्याची आहे. तिचे मूळ आम्हाला त्या घरातल्या संवादात दिसते.

म्हणून केळुसकरांनी बाबासाहेबांना बौद्ध केले, असे कुणी म्हणेल तर तेही आम्हाला मान्य नाही. आपण रिकाम्या मनाने बुद्धाकडे गेलो नाही, हे बाबासाहेबांनीच नोंदवले आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही लहान मुलांना आजही सांगितली जाणारी गोष्ट त्यांनी आपल्या ग्रंथात नाकारली आणि त्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेला वाद ठेवला. आपल्या विहारांतल्या मुलांच्या पुस्तकांत मात्र अजून तो म्हातारा आणि ते प्रेतच भेटते.